बाजारगावालगत नवी वसाहत वसवताना : साक्री परिसरासाठी मार्गदर्शन

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला असलेले साक्री हे तालुक्याचे गाव कान नदीच्या काठी वसले आहे. सुरत–धुळे–नागपूर महामार्ग गावालगतून जातो, धुळे रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि रेल्वे गावात येत नाही. कांदा, मका, बाजरी आणि कापूस पिकवणाऱ्या तालुक्याला माल विकायला बाजार समिती लागते, दाखल्यांसाठी तहसील कचेरी, मुलांसाठी शाळा-महाविद्यालय आणि आजारपणात दवाखाना लागतो. खेड्यापाड्यांतली माणसे साक्रीत येतात ती याच कामांसाठी, आणि त्यांतली काही कायमची राहू पाहतात. शिक्षक, एसटीचे वाहक-चालक, आडते, मापाडी, हमाल, गॅरेजवाले, शेती कसतच मुलांच्या शिक्षणासाठी गावात बिऱ्हाड करणारी कुटुंबे, या सगळ्यांना घर हवे असते.

अशा गावाची वाढ सहसा ठरवून होत नाही. महामार्गाकडेच्या एखाद्या वावराला भाव येतो, मालक किंवा दलाल चुन्याच्या रेघा मारतो, प्लॉट विकले जातात आणि घरे उठतात. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, हे प्रश्न घरे झाल्यावर पुढे येतात आणि तेव्हा पाइपासाठी जागाही उरलेली नसते. नियोजनाचा खरा अर्थ कामांचा क्रम ठरवणे असा आहे. साक्रीसारख्या कमी पावसाच्या गावालगत तो क्रम पाण्याच्या हिशेबापासून सुरू व्हायला हवा आणि ते पाणी सांभाळणारी माणसे घरे उभी राहण्याआधी नेमलेली असायला हवीत. पुढील विवेचनात नमुना म्हणून ८ हेक्टर, म्हणजे सुमारे २० एकर जागा आणि ३०० कुटुंबे धरली आहेत.

जवळचा एक जुना दाखला

नवी वसाहत आखून वसवण्याचा अनुभव खानदेशाला नवा नाही. पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे ठरवले. तेव्हाच्या धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. गाव बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला पांझरा नदी यांच्या मधे अडकलेले होते. ब्रिग्जने जुन्या गावात दाटी न करता शेजारी नवी पेठ आखली. जागा कायमची बिनसाऱ्याची दिली आणि पक्की घरे बांधायला जुन्या रहिवाशांना व बाहेरून येणाऱ्यांना उचल रक्कम दिली. सुतार, लोहारही बाहेरून आणवले.

या योजनेतली दोन सूत्रे आजही उपयोगाची आहेत. बागायती जमीन आणि तिचा पाट यांना हात न लावता वस्ती वाढवली गेली, हे एक. दुसरे असे की, नुसत्या जागेने गाव वसत नाही हे ओळखून घरबांधणीच्या भांडवलाची आणि कारागिरांची सोय आधी केली गेली. नदीने मात्र आपली बाजू दाखवलीच. १८७२ च्या पांझरेच्या पुरात धुळ्यात घरांचे व मालमत्तेचे मोठे नुकसान झाले. जागा निवडताना नदीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे त्यातून समजते.

जागा निवडताना

पहिली अट अंतराची. नवी वस्ती बाजारपेठ, बसस्थानक आणि शाळेपासून पायी १५ ते २० मिनिटांत, म्हणजे दीड किलोमीटरच्या आत असावी. त्यापलीकडे गेले की प्रत्येक कुटुंबाला दुचाकी लागते आणि ज्याच्याकडे ती नाही तो हमाल, म्हातारा किंवा शाळकरी मूल वस्तीत अडकून पडते. महामार्ग ओलांडून रोज बाजारात जावे लागेल अशी जागा शक्यतो घेऊ नये. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून साधारणपणे ४० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण असते. हा पट्टा घरांच्या हिशेबात न धरता तिथे झाडांची दाट रांग ठेवली तर धूळ आणि आवाज दोन्ही अडतात.

दुसरी अट पुराची. जलसंपदा विभागाच्या नकाशावरील निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचेच नाही. ज्या ओढ्या-नाल्याची रेषा आखलेली नाही, त्याच्यासाठी काठावर शेती करणाऱ्या वयस्क माणसांना पाणी कुठवर चढले होते ते विचारून खुणा घ्याव्यात आणि लेव्हल मशीनने त्या नकाशावर उतरवाव्यात. या कामाला एक दिवस पुरतो. पुढे पन्नास वर्षे त्याचा उपयोग होतो.

तिसरी अट जमिनीच्या जातीची, आणि इथे घाई सर्वांत महागात पडते. नदीकाठची काळी कसदार जमीन वस्तीला दोन कारणांनी नको. ती अन्न पिकवते, हे एक कारण. दुसरे बांधकामाचे: काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात अशा वावरात उभे राहिले तर मनगट आत जाईल एवढ्या भेगा दिसतात. त्या मातीवर उथळ पाया घातलेले घर दोन-तीन वर्षांत कोपऱ्यांतून, खिडक्यांच्या वरून तिरके तडकते. म्हणून जागा घेण्याआधी एकरी किमान एक चाचणी खड्डा जेसीबीने घ्यावा. खड्ड्याच्या भिंतीवर वरून खाली काळी माती, मग पांढुरका चुनखडीचा थर, मग पिवळसर मुरूम आणि शेवटी मांजऱ्या किंवा काळा पाषाण असे थर दिसतात. मुरूम कितीवर लागला ते प्रत्येक खड्ड्यासाठी लिहून ठेवावे. तो एक-दीड मीटरवर लागला तर साधा पाया चालतो. तीन मीटरच्या खाली गेला तर अंडर-रीम्ड पाइल लागतात आणि घराचा खर्च वाढतो. माळरानाची, हलक्या जमिनीची, मुरूम वर असलेली जागा शेतीला कमी आणि वस्तीला जास्त योग्य असते.

धुळे–नंदुरबार भागाचे भूगर्भशास्त्रीय वैशिष्ट्य म्हणजे इथल्या डाईक. बेसाल्टच्या थरांतून वर घुसलेल्या या खडकाच्या उभ्या भिंती साधारण पूर्व–पश्चिम दिशेने मैलोन्मैल पसरल्या आहेत आणि कित्येक ठिकाणी जमिनीवर दगडी धरणासारख्या दिसतात. भूजलाच्या वाटेत अशी घट्ट भिंत आली की चढाकडच्या विहिरीला पाणी राहते आणि उताराकडची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. फुटलेली, भेगाळ डाईक मात्र स्वतःच पाणी वाहून नेते. वसाहतीच्या जागेत किंवा शेजारी डाईक असेल तर ती कोणत्या प्रकारची आहे हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. बोअर कुठे घ्यायची आणि पुनर्भरण कुठे करायचे, हे दोन्ही त्यावर ठरते.

कागदपत्रे

सातबारा आणि फेरफार किमान तीस वर्षे मागे वाचावेत. भोगवटादार वर्ग-२, कूळकायद्याने मिळालेली, वतनाची किंवा पुनर्वसनाची जमीन असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. साक्री तालुक्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष पाहावी लागते. तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. ही तरतूद वळसा घालून जाण्याची अडचण म्हणून पाहू नये. ज्यांच्या जमिनी आधीच हातून गेल्या त्यांच्यासाठी ती शेवटचे कुंपण आहे, आणि अशा जमिनीवर टिकाऊ वसाहत उभी करण्याचा विचार मुळातच सोडावा.

हद्द कायम मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यावी. शेजाऱ्यांना मोजणीच्या दिवशी बोलवावे, कारण बांधाचे वाद नंतर रस्त्याच्या रुंदीत शिरतात. जागा निवासी विभागात आहे का, हे नगरपंचायतीत आणि नगररचना विभागाच्या धुळे कार्यालयात तपासता येते. अकृषिक वापराचे नियम अलीकडच्या काळात बरेच सोपे झाले आहेत. तरी अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कचेरीतून लेखी घ्यावा. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीवर विकणे हा मार्ग कितीही सोपा वाटला तरी घेणाऱ्याला पुढे कर्ज मिळत नाही आणि बांधकाम परवानाही मिळत नाही. रेखांकन राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे मंजूर करून घ्यावे. त्यात ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या जागेसाठी १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा घरे ८ पेक्षा जास्त असतील तर विक्रीच्या जाहिरातीआधीच महारेराची नोंदणी करावी लागते आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.

पाण्याचा हिशेब

तीनशे कुटुंबे, घरटी पाच माणसे, म्हणजे १,५०० लोक. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्यानुसार वसाहतीला रोज सुमारे २ लाख लिटर पाणी लागेल. आता पाऊस पाहू. हिशेबासाठी वर्षाला ५०० मिलिमीटर धरले, सगळ्या छपरांचे क्षेत्र मिळून १८,००० चौरस मीटर धरले आणि त्यातले ८० टक्के पाणी हाती लागले, तर ७२ लाख लिटर जमा होतात. हा आकडा मोठा दिसतो, पण वसाहतीची संपूर्ण गरज त्यातून जेमतेम ३५ दिवस भागते. छपराच्या पाण्यावर वसाहत चालेल असे सांगणाऱ्या जाहिरातीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

तेच पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी ठेवले तर चित्र उलटते. माणशी १० लिटर धरले तर वसाहतीला रोज १५,००० लिटर लागतात आणि ७२ लाख लिटर वर्षभर पुरून उरतात. एका घरापुरते पाहिले तर ६० चौरस मीटरच्या छपरावरून वर्षाला २४,००० लिटर मिळतात. पाच माणसांना रोज ५० लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने काढायला १२,००० लिटरची टाकी पुरते. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल अशी ती ओट्याखाली बसते, मात्र ती पाया खणतानाच बांधावी लागते. घर झाल्यावर ओटा फोडून टाकी करायला कोणी धजत नाही. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडणारा कॉक, वाळू-खडीची गाळणी, तोंडाला डासांची जाळी आणि वापरण्याआधी क्लोरीन किंवा उकळणे, एवढी काळजी घेतली की बोअरच्या जड पाण्यापेक्षा हे पाणी डाळ शिजवायलाही बरे.

बाकीच्या वापराचे पाणी नगरपंचायतीचा नळ आणि वसाहतीची विहीर यांतून येईल. विहीर टिकायची तर पावसाचे पाणी जागेवर मुरले पाहिजे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून आणि त्यांवर बंधारे घालून जे काम केले, ते शिरपूर पॅटर्न म्हणून राज्यभर गेले. मोठ्या पाणलोटाचे ते काम ८ हेक्टरच्या जागेत जसेच्या तसे करता येणार नाही, पण नाला बुजवून त्यावर प्लॉट पाडण्याऐवजी तो मोकळा ठेवावा, त्याच्या पात्रात छोटे बंधारे घालावेत, एवढे कोणत्याही रेखांकनात शक्य आहे. साक्री तालुक्यातलेच बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे गाव तर याहून जवळचे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखले, चराई आणि तोडीचे नियम स्वतः केले आणि पाणीटंचाईचे गाव शेजाऱ्यांना पाणी देण्याइतके सावरले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथली बांधबंदिस्ती महत्त्वाची आहेच. नियम मोडणाऱ्याला गावानेच दंड करायचा ही रीत त्याहून महत्त्वाची.

पाणी सांभाळणारी माणसे

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत तीन-चारशे वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड अशी तिची रचना. एका हंगामात एका फडात एकच पीक घेतले जाई. बहुतेक खातेदारांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे, त्यामुळे पाणी कमी पडल्यावर एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा सगळ्यांच्या वाट्याला येई आणि कोणा एकाचे घर बसत नसे. पंच ठरवत, पाटकरी पाणी फिरवत, जागले राखण करत आणि त्यांचा मोबदला खातेदार देत. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जाई. मोठी धरणे आणि विहिरींवरचे पंप आल्यावर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मोडकळीला आली, पण तिची शिस्त नव्या वसाहतीला थेट उचलता येते.

वसाहतीत वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा असा भेद नळालाही असतो. खालच्या गल्लीला धो धो पाणी आणि चढावरच्या शेवटच्या घराला बारीक धार, हा अनुभव प्रत्येक लहान शहरात आहे. उपाय फडाचाच. टाकीपासून वस्तीचे तीन-चार विभाग करावेत, प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि मीटर बसवावा, टंचाईत सगळ्या विभागांचे तास सारखे कमी करावेत आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस एखाद्या नगरसेवकाचा किंवा बिल्डरचा नसून पाणी समितीचा पगारी माणूस असावा. समितीत प्रत्येक विभागाचे प्रतिनिधी हवेत आणि त्यांत निम्म्या बायका हव्यात, कारण पाणी आले नाही तर हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो. पहिली पन्नास घरे ठरली की समिती नेमावी. घरे पूर्ण झाल्यावर नेमलेली समिती भांडणे मिटवण्यापुरतीच उरते.

सांडपाणी

वापरलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज सुमारे १ लाख ६० हजार लिटर. ते नाल्यात आणि तिथून कान नदीत गेले तर नव्या वसाहतीची घाण जुन्या गावाच्या आणि खालच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला येते. मोठे यांत्रिक शुद्धीकरण केंद्र लहान वस्तीला झेपत नाही. वीजबिल थकले की ब्लोअर बंद पडतो. त्याऐवजी जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात सामाईक सेप्टिक टाक्या, पडद्यांची टाकी आणि त्यानंतर कर्दळ, बोरू लावलेला खडीचा वाफा अशी उताराने चालणारी व्यवस्था करावी. तिला वीज जवळजवळ लागत नाही, मात्र दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो आणि वाफ्यातली झाडे छाटावी लागतात. हे काम कोण करणार आणि पैसे कुठून येणार ते आधी लिहून ठेवावे.

शुद्ध केलेल्या या पाण्यावर, दिवसाला ५ मिलिमीटर धरले तर, सुमारे ३ हेक्टर जमीन भिजते. वसाहतीच्या आत एवढी जमीन नसते. म्हणून उतारावरच्या शेजारी शेतकऱ्याशी लेखी करार करावा: तो चारा, मका किंवा झाडांसाठी पाणी घेईल, पालेभाजीला देणार नाही आणि त्याबदल्यात वाफ्याची देखभाल करील किंवा ठरलेला आकार देईल. रोजचे खात्रीचे पाणी मिळणारा शेतकरी वसाहतीचा सर्वांत जागरूक पहारेकरी होतो.

रस्ते आणि प्लॉट

या साऱ्या गोष्टी नकाशावर आल्या की मग प्लॉट. नमुन्याच्या ८ हेक्टरमध्ये रस्त्यांना २० टक्के, मोकळ्या जागेला १०, शाळा-अंगणवाडी-दवाखान्याला ५ आणि पाणी-सांडपाण्याला ५ टक्के दिले तर ६० टक्के, म्हणजे ४८,००० चौरस मीटर उरतात. त्यात ८० चौरस मीटरचे १२०, १४० चे १२० आणि २४० चे ६० प्लॉट बसतात. त्यांना ४०,८०० चौरस मीटर लागतात. उरलेल्या ७,२०० मध्ये दुकाने, कांदा चाळ, गोदाम, वेल्डिंग-गॅरेजसारखे व्यवसाय येतात. लहान प्लॉट एका कोपऱ्यात कोंबू नयेत. प्रत्येक गल्लीत तिन्ही आकार असावेत, म्हणजे हमालाचे आणि आडत्याचे मूल एकाच ओट्यावर खेळेल आणि पाण्याची तक्रार दोघांची एकच असेल.

मुख्य रस्ते उताराला आडवे आणि गल्ल्या उताराच्या दिशेने आखल्या तर पावसाचे पाणी घरात न शिरता गटारात जाते. अंतर्गत रस्ता साधारण ९ मीटरपासून सुरू होतो. त्यातली गाडीवाट साडेपाच मीटर ठेवून बाकी जागा झाडे, पाइप आणि पायवाटेला द्यावी. जागा मुबलक आहे म्हणून वस्ती पसरवण्याचा मोह टाळावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर–उस्मानाबाद भागात वसवलेली नवी गावे जुन्या गावांच्या कितीतरी पट पसरली. चौकोनी रेखांकन, रुंद रस्ते, सुटी घरे. रस्त्यांची आणि नळांची लांबी वाढली, देखभाल ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेर गेली आणि शेजारपण विरळ झाले. दाट गल्ली, समोरासमोर ओटे आणि दर पंचवीस-तीस घरांमागे एक सामाईक खळे ही खानदेशी गावाची रीत स्वस्तही आहे आणि सावलीचीही. खळ्यात लग्नाचा मांडव पडतो, शेंगा वाळतात, ट्रॅक्टर वळतो. बाजारगावातल्या घराला ट्रॉली उभी करायला, दोन शेळ्या बांधायला, कांदा पसरायला जागा लागतेच. ती नकाशात दिली नाही तर रस्त्यावर घेतली जाते.

घर

साक्री साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यानंतर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरात दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवर राहतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घर तापते ते मुख्यतः छतातून, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीतून. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांवर लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर असे. तो उष्णता आत यायला उशीर लावी. आजच्या स्लॅबवर तेच काम पांढरी चिनी मोझॅक फरशी किंवा दरवर्षीचा चुन्याचा हात करतो. खर्च किरकोळ, फरक हाताला जाणवणारा. घराची लांब बाजू पूर्व–पश्चिम ठेवावी, खिडक्या उत्तर-दक्षिणेला घ्याव्यात, दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचे छज्जे द्यावेत आणि पश्चिमेला जिना, कोठी, न्हाणी अशा खोल्या टाकाव्यात.

भिंतीसाठी जवळचा काळा दगड जोत्यापर्यंत वापरावा. वर मुरूम मिसळून दाबलेले सिमेंट-मातीचे ठोकळे किंवा राखेच्या विटा चालतात; राख भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणांहून जिल्ह्यात येऊ शकते. निव्वळ काळ्या मातीचे ठोकळे करू नयेत, ते तडकतात. झाडांत निंब, करंज, चिंच, शिरीष आणि मोकळ्या जागी वड-उंबर लावावेत. ही झाडे इथल्या उन्हात रुजलेली आहेत. रोपे घरे बांधण्याच्या आदल्या पावसाळ्यात लावली तर लोक राहायला येईपर्यंत ती माणसाच्या उंचीची होतात.

वीज आणि कचरा

साक्री तालुक्याला ऊन आणि वारा या दोन्हींची ताकद पटवून द्यावी लागत नाही. महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प तालुक्यातल्या शिवाजीनगरला २०१३ पासून आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. घराच्या छपरावर १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट व त्यावरील घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. पाण्याचा पंप आणि रस्त्यांवरचे दिवे सामाईक सौर संचावर घेतले तर महिन्याच्या देखभाल खर्चातला सर्वांत मोठा आकडा उतरतो. पॅनेल छपराच्या दक्षिण कडेला, पावसाचे पाणी उतरण्याच्या वाटेत न येता बसवावे. ओला कचरा गल्लीच्या खळ्याजवळच्या खतखड्ड्यात, सुका नगरपंचायतीच्या घंटागाडीत.

पैसा, मालकी आणि टप्पे

जमीनमालकांना जमीन विकून बाजूला व्हावे लागणार नाही अशी रचना शक्य आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक झाले आणि नगर स्वतः उभारले. साक्रीचा बाजार पुण्याएवढा नाही, त्यामुळे तिथला भाव किंवा तिथल्या इमारती इथे अपेक्षू नयेत. पण पाच-सहा शेजारी खातेदारांनी वावरे एकत्र करून प्रमाणशीर विकसित प्लॉट परत घ्यावेत, हे तत्त्व २० एकरांनाही लागू पडते. एकाच धंद्याच्या भरवशावर वस्ती उभी करण्यातला धोका मात्र याच तालुक्याने पाहिला आहे. भाडण्याचा पांझरा-कान सहकारी साखर कारखाना बंद पडला तेव्हा त्यावर विसंबलेल्या कुटुंबांची घडी विस्कटली. वसाहतीतल्या लोकांचे पोट एकापेक्षा जास्त धंद्यांवर चालले पाहिजे.

इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून १९०३ मध्ये लेचवर्थ ही उद्याननगरी सुरू झाली. जमीन एका सामाईक संस्थेच्या मालकीची ठेवायची आणि तिचे भाडे गावाच्याच सोयींवर खर्चायचे, ही तिथली मूळ कल्पना. त्यातला एक भाग इथे सहज जमतो: दुकाने, कांदा चाळ आणि गोदाम विकू नयेत. ती रहिवाशांच्या सहकारी संस्थेच्या नावावर ठेवावीत. त्यांच्या भाड्यातून व्हॉल्व्हवाल्याचा पगार, गाळ उपसा, दिवाबत्ती आणि झाडांना पाणी हे खर्च निघाले तर दरमहा घरटी वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागत नाही.

काम तीन टप्प्यांत करावे. पहिल्या वर्षी मोजणी, चाचणी खड्डे, विहीर, नाल्यातले बंधारे, झाडे आणि मुख्य रस्त्याखालचे पाइप, एवढेच. दुसऱ्या टप्प्यात शंभर घरे, त्यांच्यासोबत सांडपाण्याचा पहिला वाफा आणि पाणी समिती. ती घरे एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा राहून झाल्याशिवाय उरलेल्या दोनशे घरांचे प्लॉट सोडू नयेत. मे महिन्यात विहिरीची पातळी कुठे होती, ऑगस्टमध्ये कोणत्या गल्लीत पाणी तुंबले आणि वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला वास येतो का, या तीन नोंदींवर शेवटच्या टप्प्याचे रेखांकन दुरुस्त करावे. रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा नगरपंचायतीकडे सोपवताना प्रत्येक पाइपाची खोली, व्हॉल्व्हची जागा आणि टाक्यांचे माप दाखवणारा प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा दोन प्रतींत द्यावा, एक नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात आणि दुसरी सहकारी संस्थेच्या दप्तरात.